अकरा पानांची तुळस

सन एकोणीसशे त्रेचाळीस. मला सतरावं लागलं होतं. मिसरूड फुटली होती, अक्कल फुटायची होती. शाळा मी दुसरीच्या पुढं पाहिली नाही, पण सही करता यायची. आमच्या आळीत सही करणारे दोघंच, एक माझा थोरला भाऊ आणि एक मी. भाऊ लढाईवर गेलेला, म्हणजे सहीवाला मी एकटाच, असा माझा हिशेब आणि तोच माझा ताठा. आता हे लिहितोय तेही माझ्याच हातानं. नातू म्हणाला, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. म्हटलं, नको. तोंडानं जे एकदा बिघडवलं ते हातानं मांडू दे.

आमचं गाव शिंगणापूर. आमच्या घरांना दारं नाहीत हे आता साऱ्या मुलखाला ठाऊक झालंय, लोक लांबून बघायला येतात. तेव्हा त्यात बघण्यासारखं काही आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. चौकट असायची, कवाड नसायचं. कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवायची, वारा फार सुटला तर गोणपाट सोडायचं, संपलं. भाकरीचं टोपलं, ताकाचा डेरा, आईची नथ ठेवलेली लाकडी डबी, सगळं उघड्यावर. देव राखतो, चोराला शीव ओलांडता येत नाही, असं आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. न विचारता उचलणं म्हणजे चोरी, एवढीच आमची चोरीची समज. नुसतं बघून, नुसतं विचारूनही काही नेता येतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

घरात दोघंच, आई आणि मी. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. आई पहाटे जात्यावर बसायची. आधी ती दळताना गायची, तिच्या ओवीनंच मला जाग यायची. पण दादाची पत्रं यायची बंद झाली तशी तिची ओवीही बंद झाली. नुसती दगडावर दगडाची घरघर. अंधारात मी ती ऐकत पडायचो. रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं दिवा म्हणजे चुलीचाच उजेड. त्या उजेडात ती भाकरी थापायची, बाजरीची, हातावरची, तव्यावर पडली की फुगून येणारी. बरोबर हुलग्याची शेंगोळी नाहीतर नुसता लाल मिरचीचा ठेचा. पहिली भाकरी ती बाजूला काढून ठेवायची. दादाची. सांजच्याला ती मीच खायचो, पण तिनं ‘ही तुझी’ असं कधी म्हटलं नाही.

दादा पगारातून घरी पैसे धाडायचा. ते बाजारगावच्या पोस्टात आईच्या नावावर जमा होत, आणि त्याचं एक पुस्तक होतं, खाकी पुठ्ठ्याचं. आई त्याला पोस्टाचं पुस्तक म्हणायची नाही, ‘दादाचं पुस्तक’ म्हणायची. कणगीत बाजरीच्या आत फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. रोज दिवेलागणीला ती कोपरापर्यंत हात बाजरीत घालायची, पुस्तक बोटाला लागलं की हात बाहेर काढायची. त्यातल्या पैशाला तिनं हात लावला नव्हता. ‘पोरगं आल्याबिगर त्याला शिवायचं न्हाई. शिवलं तर माजी आशाच सुटली असं व्हईल,’ म्हणायची. पैसे किती होते ते मी आजही लिहिणार नाही. कशाला सांगायचं?

तर त्या साली पुस्तकावर व्याज चढवून आणायचं होतं. शुक्रवारचा बाजार होता. आईनं पुस्तक माझ्या बंडीच्या आतल्या खिशात घातलं, वरून हात दाबला. म्हणाली, “शिरपा, मास्तरच्या हातात द्यायचं, मास्तरच्या हातनं घ्यायचं. मदी कुनाच्या हातात न्हाई. आन् कुनी इचारलं तरी सांगायचं न्हाई. आपल्या घराला दार न्हाई, म्हनून तोंडाला पायजे.”

“मला काय शेंबडं पोर समजतीस का?” मी म्हटलं.

पोस्टमास्तर म्हणजे वाळक्या अंगाचे, टोपी नि उपरणंवाले, कमी बोलणारे. त्यांनी आकडा चढवला, शिक्का मारला, पुस्तक माझ्या हातात दिलं. इथवर सगळं आईनं सांगितल्यासारखं. मग मी सरळ घरी यायचं. पण कापडाच्या दुकानावरून वाट होती, आणि आईची दोन्ही लुगडी ठिगळांची झाली होती. चार महिने मोट हाकून मी थोडे पैसे गाठीला बांधले होते. मनात होतं, आज लुगडं घेऊन जायचं आणि तिच्यापुढं टाकायचं.

दुकान शेटजींचं, पण शेटजी आत गादीवर डुलक्या काढत, दुकान चालवायचा केशव गुमास्ता. पान खाऊन ओठ लाल, कानावर पेन्सिल, हातात कापड मोजायचा गज. लढाईमुळं कापडाची टंचाई. बरा माल आतल्या खोलीत, बाहेर नुसतं मांजरपाट. मी लुगडं दाखवा म्हटलं तर त्यानं मला पायापासून वर बघितलं.

“कसलं दाखवू?”

“नऊवारी. चांगलं.”

ओट्यावर टेकलेली दोन माणसं फिसकन् हसली. केशव म्हणाला, “चांगलं हाय की. पर ते हात लावल्यानं मळतंय, पाव्हणं. घेनाऱ्यालाच दाखवतो आमी. तुमी आपलं मांजरपाट बघा, गाडग्याच्या तोंडाला दादरा बांधायला व्हईल.”

पुन्हा हसले. मला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या अजून आठवतात. मी बंडीत हात घातला आणि पुस्तक काढून त्याच्या गजावर आपटलं. “वाचता येतं ना? वाचा मंग!”

त्यानं वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही, तेवढा तो शहाणा होता. पानं उलटली, शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मी पुढं फक्त एकदा पाहिली, जनावरांच्या बाजारात, दलालाची. मग माझं नाव विचारलं आणि एकदम आवाज बदलला. “आवं शिरपतराव, आदी सांगायचं न्हाई व्हय! या, वर बसा. आरं, च्या आना!” मी बैठकीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कपबशीतून चहा प्यालो. आतल्या खोलीतून लुगडं आलं, हिरवं, रुंद काठाचं. आणि चहाच्या घोटागणिक एकेक गोड प्रश्न. भागूबाई म्हंजी आईच न्हवं? व्हय. झ्याक नाव. माहेर कुठलं? शेवगावकडचं. भाऊ कोणत्या पलटणीत? पत्र येतं का? न्हाई येत? आरारारा. आई बाजाराला येती का कधी? न्हाई, गुडघं धरल्यात. सही करती का अंगठा? अंगठा. डावा का उजवा?

“आन् अंगठेवाल्याची अंगावरची खून लिवून घेत्यात म्हनं पोस्टात,” तो सुपारी कातरत म्हणाला. “खरं का? का उगंच लोकं सांगत्यात?”

“उगंच कशाला? माज्या म्होरं लिवलीय,” मी म्हटलं. मला माहीत आणि ह्याला माहीत नाही, यात केवढा आनंद! “आईच्या डाव्या हातावर गोंदलेली तुळस हाय. समद्यांच्या तुळशीला दोन्हीकडं सहा-सहा पानं असत्यात. आईच्या तुळशीला उजवीकडं पाचच. गोंदताना बैल उधळला, तिनं हात वडला, ते खालचं पान ऱ्हायलंच.”

“पाचच?”

“पाचच. खालचं न्हाई.”

“उजवीकडचं,” तो म्हणाला, आणि कानावरची पेन्सिल काढून एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं. मला वाटलं लुगड्याची किंमत. किंमत माझ्या गाठीच्या दुप्पट निघाली. तो म्हणाला, उधार न्या, मी म्हटलं, आम्ही उधार नेत नाही. “मंग ठेवतो तुमच्यासाठी बाजूला,” म्हणाला, आणि पायरीपर्यंत सोडायला आला. मी वाटेनं छाती काढून चाललो होतो. घरी गेल्यावर पुस्तक आईच्या हातात दिलं. तिनं विचारलं, “मदी कुनाच्या हातात?” मी म्हटलं, “न्हाई.”

आठ दिवसांनी एक माणूस आमच्या चौकटीत येऊन उभा राहिला. पांढरं धोतर, हातात छत्री. वाटसरू आहे, पाणी द्या म्हणाला. आईनं तांब्या दिला. मी गोठ्याकडून बघत होतो. आमचं कुत्रं कुणावरही भुंकायचं, ते त्या दिवशी मागच्या मागं सरकलं आणि उकिरड्यावर जाऊन बसलं. माणूस सावकाश पाणी प्याला, राम राम करून गेला. आई चौकटीत तशीच उभी. मग पदर ओढून डावा हात झाकत म्हणाली, “तहानलेला मानूस पान्याकडं बघतो. ह्यो माज्या हाताकडं बघत हुता.”

मी मान खाली घालून शेण भरायला लागलो. पुढच्या शुक्रवारी मी दुकानावरून मुद्दाम खाली मान घालून चाललो, तर केशवनंच हाक मारली. “शिरपतराव, लुगडं हाय बरं का बाजूला! आईची तब्येत? गुडघं? म्हंजी अजून काय घराबाहेर पडत न्हाईत?” मी न्हाई म्हटलं. “बरं, बरं,” तो म्हणाला. “पडू बी नये.” त्या रात्री जातं सुरू व्हायच्या आधीच मला जाग आली. उघड्या चौकटीतून अंगण दिसत होतं, फळी जागेवर होती, आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, इथं एक दार असतं तर बरं झालं असतं. तसं वाटणं हे आमच्या गावात पापच. मी कूस बदलली.

आता परवा तालुक्याच्या गावी मोठ्या दुकानात नातवाबरोबर गेलो होतो. गल्ल्यावरच्या पोरीनं हसून विचारलं, आजोबा, मोबाईल नंबर? जन्मतारीख? मी म्हटलं, बाई, मी साबण घेतोय, लग्न जमवत नाही. सगळे हसले, नातू शरमला. शरमू दे.

तर केशवनं हाक मारली त्या शुक्रवारनंतरच्या गुरुवारी सकाळी गोंदणारीण आली. गिरजा तिचं नाव. बाजारगावच्या शिवेवर त्यांची पालं पडलेली असत, तिथून ती गावोगाव फिरायची. ‘गोंदून घ्या वं बाया’ अशी लांबवर ओढलेली हाक. आमच्यात गोंदायचं कुणी नव्हतं, पण आईनं तिला ओट्यावर बसवून भाकरी दिली, वर ठेचा ठेवला. भाकरी देताना पदर सरकला. गिरजानं घास तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली आणला.

“आक्का,” ती म्हणाली, “ह्यो हात म्या दहा-अकरा दिसांमागं काडलाय.”

आई हसली. “येडी का गं तू? ही तुळस माज्या लहानपनीची. माज्या म्हायेरी काडलेली.”

“तुजी न्हवं वं. दुसऱ्या बाईची. हीच. बोटभर कमी न्हाई, बोटभर जास्त न्हाई.” तिनं आईचं मनगट धरलं, उजेडाकडं वळवलं, अंगठ्यानं पानं मोजली. “आन् हे पान न्हाई. तिच्या बी हातावर काडायचं न्हाई म्हनून सांगितलं. म्या म्हनलं, आसं कसं, तुळस लंगडी व्हईल, आपशकून हाय. तर बरूबरचा बाप्या म्हनला, तू पैसं घे नि अकराच काड. कागुद घिऊन आल्ता त्यो, पेन्शिलीनं काडल्याला.”

“कोन बाप्या?”

“कापडाच्या दुकानातला. लाल तोंडाचा.”

मी गोठ्याच्या मेढीला धरून उभा होतो. कुठंतरी एक बाई माझ्या आईचा हात घालून हिंडते आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं विचारलं ते गिरजाला, अगदी हळू. “खपली कवा पडती गं?”

“बारा-तेरा दिसांनी. उद्या-परवा पडलीच समज. मंग जुनं कोन नि नवं कोन, कळायचं न्हाई. वर राख नि त्याल चोळलं म्हंजी तर न्हाईच.”

उद्या शुक्रवार होता. बाजार, आणि पोस्टात गर्दी.

मी सांगून टाकलं. ओट्याखाली उभा राहून, गिरजासमोर, सगळं. मांजरपाट, हसणं, कपबशी, डावा अंगठा, बैल उधळलेला. आईनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, कणगीत हात घातला, पुस्तक काढलं. ते कमरेला खोचलं. एरवी बाजाराला न्यायचं तर ते माझ्या बंडीत ठेवायची. म्हणाली, “मी हितं बसून तुला दार लावून घे म्हनले, आन् तू पानसुपारीला बसवून माजा हात काडून दिलास.” एवढंच. त्या दिवसाची दादाची भाकरी टोपल्यात तशीच राहिली. मी खाल्ली नाही, तिनं खा म्हटलं नाही.

दोन कोस वाट ती चालली, त्या गुडघ्यांनी, माझा हात न धरता. गिरजा बरोबर होती, तिचा धरला. पोस्ट बंद व्हायच्या बेतात होतं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आज सकाळीच एक जण सांगून गेलाय,” ते म्हणाले. “भागूबाई म्हणून एक म्हातारी आहे, चालता येत नाही, उद्या गाडीतून आणतो, सगळी रक्कम काढायची आहे. पुस्तक हरवल्याचा अर्जही घेऊन येणार आहे. साक्षीदार मीच, म्हणाला. दुकानातला ओळखीचा माणूस, मला काही वावगं वाटलं नाही.” त्यांनी आईच्या हाताकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. “बाई, ही खूण आता तुमची राहिली नाही. दुसरी द्या, मी अर्ज लिहून घेतो. उद्या दप्तर उघडल्या उघडल्या. पण ती फक्त मला दाखवायची. आणखी कुणाला नाही.”

“न्हाई सांगत,” आई म्हणाली. “आता घरात बी न्हाई.”

पैसे वाचले, ते इथंच सांगून टाकतो. ती बाई दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पायरीवरूनच फिरली, केशव त्या आठवड्यात गाव सोडून गेला, आणि दीड-दोन वर्षांनी दादा एका कानानं बहिरा होऊन पण धडधाकट परत आला, तेव्हा आईनं कमरेचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. पण मला सांगायचंय ते पैशाचं नाही. आई पुढं पुष्कळ वर्षं जगली. माझी पोरं तिनं खेळवली, माझ्या हातची भाकरी शेवटी खाल्ली. पण कागद असो की किल्ली, वस्तू माझ्या हातात देताना तिचा हात क्षणभर थांबायचा. ती गेली तेव्हा बायकांनी तिला न्हाऊ घातलं, त्यांनी ती दुसरी खूण पाहिली असेल. बायकोनं नंतर सांगायला तोंड उघडलं, मी तिला गप्प केलं.

तर त्या गुरुवारी पोस्टातून निघून रात्री आम्ही गिरजाच्या पालाशेजारी लिंबाखाली पडलो. चुलीच्या उजेडात सुई धरणार नाही, गिरजा म्हणाली, नवी खूण सकाळी काढते. दिवस उगवायला तिनं तीन सुया एकत्र बांधल्या, काजळ खलवलं. आई पालात जाऊन बसली. गिरजानं गोणपाट सोडायला हात वर केला, तर दोरी तुटलेली. गोणपाट अर्धंच पडलं, आत सगळं दिसत होतं. आईनं माझ्याकडं बघितलं.  मी उठलो, त्या उघड्या जागेत जाऊन पालाकडं पाठ करून मांडी घालून बसलो. पाठीमागं गिरजा गुणगुणायला लागली, सुई लागताना बाईचं ध्यान दुसरीकडं जावं म्हणून गातात तसं. आईचा आवाज एकदाही आला नाही.

समोरून बाजारच्या गाड्या यायला लागल्या होत्या. कांदे, कोंबड्या, मडकी. त्यांच्यात एक छपराची बैलगाडी, आणि तिच्यापुढं चालत केशव. गाडीत एक बाई, माझ्या आईच्या वयाची, डावा हात पदराखाली छातीशी धरलेला. केशवनं मला ओळखलं आणि थबकला. मग तेच पायरीपर्यंत सोडायला येणारं हसू.

“अरे, शिरपतराव! इतक्या सकाळी? आन् हितं कुठं?”

मागचं गुणगुणणं थांबलं.

“आई आली काय बरूबर?” तो एक पाऊल पुढं आला, मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून बघायला लागला. “आत कोन हाय?”

मी पाठ जरा रुंद केली. त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो हसतच होता, मग हळूहळू हसायचा थांबला. गाडीतल्या बाईनं पदर आणखी घट्ट ओढला. त्यानं पुन्हा विचारलं, आता आवाज बारीक करून. माझ्या पाठीमागं सुई परत चालू झाल्याचं मला कळलं. मी बसल्या जागेवरून हललो नाही, आणि त्याला काहीही सांगितलं नाही.